दुखणं शरीराचं, इशारा डोळ्यांचा

संध्याकाळची वेळ. वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, समोर गंगेत थांबलेल्या नावांमध्ये माणसं. शंख वाजला, घंटा सुरू झाल्या आणि पुजाऱ्यांनी पेटवलेले पितळी दिवे उचलले. माझी आजी बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा काशीला आली होती. ती डोळे भरून आरती पाहत असेल, असं वाटून मी तिच्याकडे वळले. तर ती डाव्या डोळ्यासमोर हात हलवत होती, माशी हाकलावी तसा.

"काजळी उडतेय गं. डोळ्यासमोरून हटतच नाही," ती म्हणाली.

"आजी, धुपाचा धूर आहे. होईल कमी," मी म्हणाले आणि मोबाईलवर व्हिडिओ काढत राहिले.

रात्री धर्मशाळेच्या खोलीत धूर नव्हता, दिवे नव्हते. काजळी मात्र तशीच होती. काळे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, नजर फिरेल तिकडे फिरणारे. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता, पाणीही येत नव्हतं. त्यामुळे "घरी गेल्यावर बघू" असंच आजीचं म्हणणं होतं. आईने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला तिथल्याच एका नेत्रतज्ज्ञांकडे नेलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न डोळ्यांबद्दल नव्हताच. त्यांनी विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

सोळा वर्षांपासून. आणि या सोळा वर्षांत आजीचा चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी तपासला गेला होता. डोळ्याचा आतला पडदा एकदाही तपासलेला नव्हता.

तुमच्याही घरात अशी एखादी आजी, काका, आत्या किंवा बाबा असतील, तर हा लेख त्यांच्याजवळ बसून वाचा.

डोळ्यांत एवढं काय दिसतं?

आपण डोळ्यांकडे कॅमेऱ्यासारखं पाहतो. काच खराब झाली की चष्मा, भिंग गढूळ झालं की मोतीबिंदूचं ऑपरेशन. पण डोळा काही वेगळा बसवलेला भाग नाही. शरीरात फिरणारं तेच रक्त डोळ्यांत येतं आणि डोळ्याची नस थेट मेंदूला जोडलेली असते. त्यामुळे रक्तात, नसांमध्ये, ग्रंथींमध्ये किंवा सांध्यांमध्ये काही बिघडलं, तर त्याचा परिणाम डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो.

आणखी एक गंमत आहे. कुठेही कापाकापी न करता शरीरातल्या रक्तवाहिन्या थेट पाहता येतील, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगासमोर आणलं आणि डॉक्टरांना ही खिडकी उघडून मिळाली. तेव्हापासून मधुमेह आणि ब्लड प्रेशर यांच्या खुणा या पडद्यावर वाचल्या जातात.

काशीला हे आधीपासून ठाऊक होतं

आजीला घेऊन ज्या गावात आम्ही डॉक्टर शोधत होतो, त्याच गावाशी सुश्रुताचं नाव जोडलेलं आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुताला वैद्यक शिकवलं, असं सुश्रुतसंहितेतच सांगितलेलं आहे. या ग्रंथाच्या उत्तरतंत्र या भागात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. त्यातले बाहेरच्या कारणांमुळे होणारे फक्त २. उरलेले ७४ वात, पित्त, कफ आणि रक्त बिघडल्यामुळे, म्हणजे शरीराच्या आतूनच येतात, अशी त्यांची विभागणी आहे. आजचं वैद्यकशास्त्र या भाषेत बोलत नाही आणि आज उपचारही या यादीवरून होत नाहीत. पण डोळ्याचं दुखणं शरीरात शोधायचं, ही दिशा तेव्हाही होती.

घाटावर याची आणखी एक खूण आहे. दशाश्वमेध घाट आपल्या मराठी माणसांना जवळचा. १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी तो बांधला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधून घेतला, असं सांगतात. त्याला लागूनच शीतला घाट आहे आणि तिथे शीतलामातेचं मंदिर. शीतला म्हणजे ज्या रोगाला आपण मराठीत सरळ 'देवी' म्हणत आलो, त्या रोगाची देवता. हा रोग सगळ्या अंगावर यायचा, पण अनेकांची दृष्टीही घेऊन जायचा. फोड बरे झाले तरी बुबुळावर फूल पडायचं आणि डोळा कायमचा अधू व्हायचा. महाराजा रणजितसिंह यांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या आजारातच गेला होता.

ही साथ संपली ती लसीमुळे. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी आपल्या मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे डोळ्यात कुठलंही औषध न घालता, शरीराचा रोग थांबवून असंख्य डोळे वाचले. आज देवी नाही, पण तिची जागा घेणारे दुसरे आजार घराघरात आहेत.

मधुमेह: न दुखता होणारं नुकसान

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. काही बंद पडतात. मग शरीर त्यांच्या जागी नव्या रक्तवाहिन्या तयार करतं, पण त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटतात. डोळ्यात रक्तस्राव होतो आणि माणसाला काळे धागे, ठिपके, जाळी दिसायला लागते. आजीला घाटावर दिसलेली काजळी ती हीच.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सुरुवातीला काहीच कळत नाही. आजीचा उजवा डोळा तिच्या मते 'एकदम उत्तम' होता. तपासणीत त्यातही बिघाड सुरू झालेला निघाला. नीट दिसतंय याचा अर्थ पडदा नीट आहे, असा होत नाही.

मग तपासणी कधी करायची? टाइप २ मधुमेह असेल, तर निदान झालं त्याच वेळी आणि त्यानंतर दरवर्षी. कारण हा मधुमेह कळण्याआधी बरीच वर्षं शरीरात असू शकतो. टाइप १ असेल, तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करून पुढे दरवर्षी. ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे आणि बाळाचा विचार चालू आहे, तिने गरोदरपणाआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासून घ्यावा. या काळात बिघाड वेगाने वाढू शकतो.

साखर खूप वर-खाली होत असेल, तर डोळ्याचं भिंग फुगतं आणि नजर तात्पुरती धूसर होते. अशा दिवसांत नवा चष्मा करायला धावू नका. आधी साखर आटोक्यात आणा, मग नंबर काढा. वारंवार रांजणवाडी होत असेल, तरी एकदा शुगर तपासून घेतलेली बरी.

२०२१ मधली काळी बुरशी आठवते? कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात तिचे कितीतरी रुग्ण सापडले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईडचा वापर ही त्यामागची मोठी कारणं होती. नाकाच्या पोकळ्यांतून बुरशी डोळ्यापर्यंत पोहोचायची आणि जीव वाचवण्यासाठी काहींचा डोळा काढावा लागला.

ब्लड प्रेशर: पडद्यावरची धोक्याची घंटा

"मला काही त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला?" हे वाक्य तुमच्या घरातही कुणीतरी म्हणत असेल. वाढलेलं बीपी पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक करतं. एखादी शीर तुंबली, की एका डोळ्याची नजर अचानक, काहीही न दुखता कमी होते. काही लोकांचं बीपी डोळ्यांच्या तपासणीतच पहिल्यांदा लक्षात येतं.

एक लक्षण कधीही अंगावर काढू नका. एका डोळ्यावर कुणीतरी पडदा ओढल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. "आला आणि गेला" म्हणून सोडून देऊ नका. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतली एखादी गुठळी डोळ्याकडे गेल्याची ही खूण असू शकते आणि पुढची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होऊ शकतो. नजर परत आली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अचानक रक्ताचा लाल डाग दिसला तर घाबरायला होतं. तो बहुतेकदा आपोआप जातो. पण वारंवार होत असेल तर बीपी मोजा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

थायरॉईड, सांधे आणि डोळे

जुना फोटो शेजारी ठेवून पाहिलं आणि डोळे आता मोठे, बाहेर आल्यासारखे, एकटक बघणारे वाटले, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. थायरॉईडच्या एका प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती डोळ्यांमागच्या स्नायूंवर आणि चरबीवर हल्ला करते. डोळे कोरडे पडतात, खुपतात, कधी एकाचे दोन दिसतात. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा त्रास अधिक होतो आणि अधिक वाढतो.

सांधेदुखीचा आणि डोळ्यांचा संबंध तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. तिशीतल्या एखाद्या मुलाची कंबर सकाळी उठल्यावर आखडलेली असते. दुपारपर्यंत मोकळी होते, म्हणून तो खुर्चीला दोष देतो. मध्येच एक डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. घरचे म्हणतात, "डोळे आलेत." केमिस्टकडून थेंब आणले जातात. ही दोन्ही दुखणी एकाच आजाराची असू शकतात. मणक्यांना सूज आणणारा आजार डोळ्याच्या आतही सूज आणतो. डोळे आले असतील तर चिकटा येतो आणि खाज येते. पण उजेडाने डोळा दुखत असेल आणि नजर धूसर असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे. आमवात असलेल्यांचे डोळे बऱ्याचदा कोरडे पडतात, त्याचाही इलाज असतो.

लहान मुलांच्या सांधेदुखीत तर डोळ्याच्या आत सूज असूनही डोळा लाल होत नाही, दुखत नाही. म्हणून अशा मुलांचे डोळे ठरवून, ठरावीक काळाने तपासावे लागतात.

गोळ्या एका आजाराच्या, परिणाम डोळ्यांवर

स्टेरॉईड दीर्घकाळ घेतल्याने, मग ते गोळ्या असोत वा डोळ्यांचे थेंब, डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. टीबीवरच्या इथॅमब्युटॉल या औषधामुळे काही जणांच्या डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला किंवा नजर कमी झाली, तर लगेच डॉक्टरांना सांगा. संधिवातासाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू करताना एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासायचा असतो.

यातलं कुठलंही औषध हे वाचून स्वतःहून बंद करू नका. फक्त डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "या गोळ्यांसाठी डोळे तपासायला हवेत का?"

छोट्यांचे डोळे

मूल संध्याकाळी अंधार पडल्यावर अडखळतं, वस्तू चाचपडतं? हा रातांधळेपणा असू शकतो आणि त्यामागे बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. गोवर झाला की ही कमतरता आणखी वाढते आणि बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणूनच आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस दिला जातो आणि पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस. लसीकरणाचं कार्ड काढून एकदा मोजून पाहा. अनेक घरांत पहिले दोन-तीन होतात आणि बाकीचे राहून जातात.

आरशात एवढं पाहा

• डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय: कावीळ, म्हणजे यकृताची तपासणी.

• खालची पापणी ओढल्यावर आत फिकट, पांढुरकं दिसतंय: हिमोग्लोबिन तपासा.

• पापण्यांच्या कोपऱ्याजवळ पिवळसर चपटे गोळे: कोलेस्टेरॉल तपासा.

• चाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा: हेसुद्धा कोलेस्टेरॉलचं लक्षण असू शकतं. उतारवयात मात्र अशी कडा बहुतेकदा निरुपद्रवी असते.

• चालताना बाजूच्या वस्तूंना, दाराच्या चौकटीला धक्के लागतायत: बाजूची नजर कमी होत असेल. काचबिंदू असू शकतो किंवा मेंदूतल्या ग्रंथीची गाठ नसेवर दाब देत असू शकते.

लगेच धावा, वाट पाहू नका

अचानक नजर जाणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस आणि विजेसारखे चमकारे, अचानक एकाचे दोन दिसणं, लाल डोळ्याबरोबर तीव्र वेदना आणि उलटी. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत तोंड वाकडं होत असेल, हात-पाय लुळा पडत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर थेट १०८ ला फोन करा.

तपासणीला जाताना

पडद्याची तपासणी सोपी आहे आणि दुखत नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डॉक्टर आत पाहतात. काही ठिकाणी खास कॅमेऱ्याने फोटोही काढतात. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलांत ही सोय असते, जिल्हा रुग्णालयातही विचारा. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या आणि गॉगल ठेवा. शुगर, बीपीचे शेवटचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. चष्म्याच्या दुकानात काढलेला नंबर म्हणजे ही तपासणी नव्हे.

आणि एक विनंती. आपण म्हणतो, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. लक्ष जरूर ठेवा, पण डोळ्यांत तेल, मध, गुलाबपाणी, तीर्थ असलं काहीही घालू नका.

आजीचं काय झालं?

घरी परतल्यावर आजीच्या उजव्या डोळ्यावर लेझर झालं. त्या डोळ्याची नजर टिकली. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली. काजळी बरीचशी ओसरली, पण त्या डोळ्याने तिला पेपरातली अक्षरं आता वाचता येत नाहीत. ती नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. शुगर आणि बीपी सांभाळायचं आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला जायचं, एवढं आता तिच्या आणि आमच्या हातात आहे.

मला खूप दिवस एका गोष्टीची रुखरुख लागून राहिली. आजीच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरते. तिची शुगर मोजून वहीत मी लिहिते. "डोळे कधी दाखवले होते?" हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

आता वहीच्या पहिल्याच पानावर तारीख आहे. शेवटची तपासणी अमुक दिवशी, पुढची तमुक दिवशी. आजीला पुन्हा काशीला जायचंय. "मागच्या वेळी आरती नीट दिसली नाही," म्हणते. पुढच्या तपासणीनंतर तिकिटं काढायची, असं ठरलंय.

तुमच्या घरात ज्यांना शुगर किंवा बीपी आहे, त्यांच्याजवळ आज जाऊन बसा आणि विचारा, डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला? उत्तर आठवत नसेल, तर उद्याच फोन करून वेळ घ्या.